कौसा, तळ्याचा फेरा आणि आपले दोन अर्ज

कौसा,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे मी मोठ्यानं बोलत लिहितेय. शेजारच्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. कुठलाही कागद पुढं आला की तू म्हणायचीस, "काय लिवलंय ते आधी वाचून दावा, मंग मी डोकं हालवते." औषधाच्या चिठ्ठीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं तुला वाचून दाखवलं. एकच कागद दाखवला नाही आणि त्यावरून आपलं भांडण झालं.

परवा तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारीचा जीव कशात अडकला नव्हता. मला जरा रागच आला. आपलं भांडण अजून मिटलं नव्हतं आणि तू अशी खुशाल मोकळी झालीस.

तुमच्या गावच्या शाळेत मी नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. त्या नऊ वर्षांत तू रोज शाळेच्या मागून शेळ्या घेऊन गेलीस आणि आपण एकदाही बोललो नाही. तुझा मुलगा ज्ञानोबा तोवर बापय गडी झाला होता, नातवंडं अजून यायची होती, तुला शाळेशी काम नव्हतं. आणि मला शेळ्यांशी. मी निवृत्त होऊन जिंतूरला घरी बसले, तेव्हा शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. जिंतूरच्या रस्त्यावर चालायचं म्हणजे ट्रकची धूळ आणि दर चार पावलांवर "कुठं निघालात मॅडम?" त्यापेक्षा मला तुमच्या गावावरचं तळं आठवलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचं, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालायचं आणि साडेदहाच्या गाडीनं परत. पहिल्या दिवशी मी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात खेपा घातल्या. तू बाभळीखाली बसून बघत होतीस.

"काय हारपलंय का बाई?" तू विचारलंस. "मघाधरनं बगायले. इकडून तिकडं, तिकडून इकडं."

"फिरतेय. डॉक्टरनं सांगितलंय."

"कुटं जायला?"

"कुठंच नाही. नुसतंच."

तू माझ्या नव्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलंस. हसली नाहीस, हे तुझं मोठेपण. "नुसतंच फिरायचं तर तळ्याला फेरा घाला की. एकाच जागंवर फिरून भवळ यील." आणि तू उठून चालायला लागलीस. मी येतेय का हे मागं वळून पाहिलंसुद्धा नाहीस.

पाळीच्या टोकाला सांडवा, तो ओलांडला की सागाचं रान, मग खिंडीपर्यंतचा चढ, खिंडीतून पलीकडची उतरण, खाली ओढा आणि ओढ्याच्या कडेकडेनं बाभळींतून परत पाळीवर. सगळं मिळून दोन कोसही नसेल. तुझ्या लेखी ते चालणंच नव्हतं. मला त्या दिवशी तीन तास लागले आणि गाडी चुकली. मग तुझ्या घरी भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन मी दुपारच्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी पाय उचलवत नव्हते. तिसऱ्या दिवशी परत आले.

त्या चढावर तुझ्या शेळीच्या पायात काटा मोडायचा. नेमका तीन ठिकाणी. पहिल्या वळणावर, धावड्याच्या झाडाशी आणि खिंडीच्या थोडं खाली. तू थांबायचीस, शेळीचा पाय मांडीवर घेऊन निवांत बघत बसायचीस आणि तोवर माझा दम खाली बसायचा. शेळी रोज वेगळी, काटा मोडायची जागा तीच. हे माझ्या लक्षात यायला एक आख्खा पावसाळा जावा लागला. पस्तीस वर्षं पोरांच्या लबाड्या पकडण्यात घालवलेली मी बाई. एकदा मी म्हटलं, बघू तो काटा. तू चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलंस आणि झुडपात फेकलंस. "गेला," म्हणालीस.

मी तुला कधी सांगितलं नाही की मला कळलंय. सांगितलं असतं तर तू थांबणं बंद केलं असतंस, ही भीती होती. खरं सांगायचं तर लाजही होती. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी होतीस.

आणि ते सीताफळ. त्या दिवशी एसटी उशिरा आली. गोळी घेतलेली, पोटात काही नव्हतं. खिंड ओलांडली आणि माझे हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढं काळं आलं. तू मला धरून खाली बसवलंस. माझ्या बाटलीचं झाकण घेतलंस, चंद्री शेळीला पायांत धरलंस आणि झाकणभर दूध काढून माझ्या तोंडाला लावलंस. असं चार-पाच वेळा. मग शेजारच्या झाडाची दोन सीताफळं तोडलीस. मी तशाही अवस्थेत पुटपुटले, "डॉक्टरनं सीताफळ बंद केलंय."

"डॉक्टर दिसायला का कुटं इथं? खा म्हनते ना तुला. खा."

बिया स्वतःच्या तळहातावर घेत तू मला भरवलंस. सहा वर्षांत तू मला "तू" म्हणालीस ते एवढंच एकदा. एरवी कायम "तुमी". मी तुला केव्हाच कौसा म्हणायला लागले होते. किती वेळा म्हटलं, अगं, मला नावानं हाक मार. तू म्हणायचीस, "बाईला कुटं तू म्हनतेत व्हय? माझी जीभ वळत न्हाई." त्या दिवशी बरी वळली होती. भानावर आल्यावर मी तुला त्याची आठवण करून दिली, तर साफ नाकबूल गेलीस. "तुमाला भास झाला असंल. शुगर उतरली की व्हतंय तसं."

आता त्या कागदाचं. तीन वर्षं फिरून झाल्यावरची गोष्ट. पलीकडची उतरण तेव्हा पार बोडकी झाली होती. पावसात तिची माती ओढ्यातून तळ्यात यायची आणि पाणी आठ-आठ दिवस चहासारखं दिसायचं. हे मला तूच दाखवलं होतंस. "आमच्या लहानपणी इथं शेळी लपली तर हुडकावी लागायची," म्हणाली होतीस. ते माझ्या मनात राहिलं. गावच्या वनसमितीतली माणसं माझ्याकडं आली, बाई, तुमचं अक्षर चांगलं, वनखात्याला अर्ज लिहून द्या. मी लिहून दिला. पलीकडच्या उतारावर झाडं लावावीत आणि पाच वर्षं चराई बंद करावी. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हिरवी उतरण होती. तुझ्या बावीस शेळ्या नव्हत्या, असं मी म्हणू शकत नाही. होत्या. म्हणून तर मी तुला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पंधरा दिवस तुझ्या मागून चालत राहिले.

मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली आणि ग्रामसेवकानं अर्ज वाचून दाखवला. "शेळ्यांच्या अनिर्बंध चराईमुळे उतारावरील वनस्पतींचे अपरिमित नुकसान होत असून..." मागं बायकांत बसलेली तू उठून उभी राहिलीस.

"हे कुणी लिवलं?"

"बाईंनी," तो कौतुकानं म्हणाला.

तू माझ्याकडं पाहिलंस. आवाज चढवला नाहीस. "बाई, रोज माझ्या मागं चालताव. एक सबद तरी काढायचा." आणि निघून गेलीस. त्यानंतर कोण काय बोललं, मला काही आठवत नाही.

दीड महिना तू मला दिसली नाहीस. म्हणजे दिसायचीस, दूर, तळ्याच्या अलीकडच्या माळावर, पण मी आले की शेळ्या वळवायचीस. मी हट्टानं एकटी फेरा घालायची. पावसाळा होता. अर्ज लगेच मंजूर होऊन पलीकडच्या उतरणीला चर खणले होते, तार लावली होती. शेळ्या जायच्या बंद झाल्या आणि बघता बघता तरवड अन् गवत कमरेला लागलं. एक दिवस खिंडीतून खाली उतरले आणि मला वाट सापडेना. मी समजत होते की तिथं वाट आहे आणि तू तिच्यावरून जातेस. तसं नव्हतंच. तुमची खुरं रोज पडत होती म्हणून ती वाट होती. रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, मागावरून, काट्यांतून ओरबाडत कशीबशी ओढ्याला लागले. साडी पदराशी फाटली होती. गाडीची वेळ झाली होती, पण मी तशीच तुझ्या दारात आले.

पदर हातात घेऊन बघितलास, आत जाऊन सुई-दोरा आणलास आणि मला समोर बसवून शिवायला लागलीस.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"काय चुकलं?"

"तुला सांगितलं नाही ते."

"अन् अर्ज?"

खोटं बोलता आलं असतं. तुझ्यासमोर बसून, तुझ्या हातात माझा पदर असताना, ते जमेना. "अर्ज नाही चुकला," मी म्हणाले. "उतरण बोडकी झालीय, हे तूच म्हणत होतीस."

"मी म्हनत व्हते ते माझ्या तोंडानं. तुमी ते सायबाच्या तोंडी घातलं." दातानं दोरा तोडलास. "अर्धी चूक कबूल केली, अर्धी ठिवली. ऱ्हाऊ द्या. च्या घेताव का?"

मी चहा घेतला. दुसरा अर्ज आपण त्याच ओसरीवर लिहिला. शेळ्यांना ओढ्यापर्यंत जायला उतरणीच्या कडेनं पट्टा मोकळा सोडावा, असा. या वेळी मी एक एक ओळ वाचून दाखवत होते आणि तू खोडायला लावत होतीस. "शेळ्यांना पाण्यावाचून त्रास होतो," मी वाचलं. तू म्हणालीस, "शेळ्या कामून लिवायलाव? शेळ्या काय अर्ज करायल्या? आमाला तरास व्हतो, असं लिवा. आमी. म्हंजी कोन ते इचारायला तरी येतेत." तेवढा एक शब्द बदलला आणि कागद वेगळाच झाला. मी आयुष्यभर पोरांना अर्जलेखन शिकवलं, पण ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. चार महिन्यांनी वनखात्याची माणसं आली, तुला विचारून गेली आणि ओढ्याच्या अंगानं बारा फुटांचा पट्टा मोकळा झाला. मी अभिमानानं तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालीस, "पैला अर्ज लिवला नसता तर दुसरा लिवायची पाळी आली नसती."

हे भांडण आपण तीन वर्षं चालवलं. चढावर दम नसायचा म्हणून उतारावर. मी म्हणायची, बघ, साग कमरेला आले. तू म्हणायचीस, माझ्या शेळ्या किती राहिल्या त्या बी मोजा. बावीसच्या नऊ झाल्या होत्या. गुडघे दुखतेत म्हणून कमी केल्या, असं तू सगळ्यांना सांगायचीस. गुडघ्यांमुळं की तारेमुळं, हे मी तुला विचारलं नाही. फार वेळा ओठांवर आलं. तुझं उत्तर काय असेल ते मला ठाऊक होतं आणि ते ऐकून परत तुझ्या मागून चालायचं बळ माझ्यात नव्हतं.

पण गेल्या श्रावणात तूच मला तारेजवळ बोलावलंस. आत एक मोहाचं रोप आलं होतं. कुणी लावलेलं नव्हे, आपसूक आलेलं. तू तारेतून हात घालून त्याची पानं वळवून वळवून बघत होतीस. "आली बगा तुमची झाडं," म्हणालीस. तुझा चेहरा खुलला होता. नंतर मात्र म्हणालीस, "माझ्या चंद्रीला लय आवडलं असतं." तुला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या. मलाही. आपण दोघी तिथं बराच वेळ उभ्या होतो.

दिवाळीनंतर चढावर तुला दम लागायला लागला. आधी मला वाटलं, थंडी. मग एक दिवस धावड्याच्या झाडाशी तू काटा काढायला म्हणून बसलीस आणि शेळी तर पुढं निघून गेली होती. तुझे ओठ निळसर दिसत होते. मी खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. सावकाश. नंतर रोजच, त्याच तीन ठिकाणी माझी नाडी सुटायला लागली. आठवडाभरानं तू म्हणालीस, "नाडी लय सैल झाली बाई तुमची." आपण एकमेकींकडं पाहिलं आणि पुढं चालायला लागलो.

त्या दिवशी ओढ्यावर पाणी पिताना तू म्हणालीस, "ज्ञानोबाला सांगू नका. घरी बसवतीन मला."

मी म्हटलं, दवाखान्यात तरी जाऊ. मी येते सोबत.

"सांगू नका," तू परत म्हणालीस.

एकदा तुला न विचारता मी एक गोष्ट केली होती आणि दीड महिना तू माझ्याकडं पाठ केली होतीस. आता तू एक गोष्ट सांगू नको म्हणालीस आणि मी ऐकलं. आपली मैत्री परत मोडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. जिंतूरच्या घरात मला हाक मारणारं कुणी नाही, पोरगा पुण्याला. पहाटे उठून एसटी गाठायची ती तळ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. तेव्हा हेही माझ्या फायद्याचंच होतं, कौसा. मी गप्प बसले आणि त्याला तुझा शब्द पाळणं असं नाव दिलं.

दोन महिन्यांनी सकाळी मी एसटीतून उतरले तर फाट्यावर तुझी सून शीला उभी होती. ती कधी फाट्यावर येत नाही. उजाडायच्या वेळी तू शेळ्यांच्या गोठ्यात गेलीस, दावं सोडायला वाकलीस आणि तिथंच बसलीस, असं तिनं सांगितलं. मी आले तेव्हा तुला ओसरीवर ठेवलं होतं, आपण दुसरा अर्ज लिहिला त्याच जागी. पाय उघडे होते. टाचेच्या भेगांत तळ्याकाठची काळी माती होती. मी ओला फडका मागून त्या पुसल्या. तुझे पाय मी इतकी वर्षं फक्त चालताना, मागून पाहिले होते.

दहाव्याला जेवणं उरकल्यावर ज्ञानोबा एकटा अंगणाच्या कडेला बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. दहा दिवस मला झोप नव्हती. म्हटलं, शिव्या घालायच्या तर घालू दे, पण हे सांगितल्याशिवाय मला या घरात पाणी प्यायचा हक्क नाही.

"ज्ञानोबा," मी म्हणाले, "तुझ्या मायला चढावर दम लागत होता. दोन महिने. मला माहीत होतं. तिनं सांगू नका म्हटलं आणि मी सांगितलं नाही. माझं चुकलं."

या वेळी पूर्ण चूक, कौसा. अर्धी ठेवली नाही.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, जरा चकित होऊन. "बाई, मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच परभणीला दाखवून आन्लं व्हतं तिला. हृदय कमजोर हाय म्हनले. गोळ्या चालू व्हत्या. चढाव चढू नका म्हनले व्हते."

"मग तू तिला येऊ कसं दिलंस?"

"घरी बसवून बगितली की चार दिस. जेवंना, बोलंना. भितीकडं तोंड करून पडायची. मंग म्हनलं, जा माय." तो थोडा वेळ मातीत बोटानं रेघा ओढत राहिला. "अन् मला शपथ घातली व्हती. बाईला कळू देऊ नको म्हनली. त्यांना कळलं तर त्या यायच्या बंद व्हतीन. फिरनं सोडतीन, अन् त्यांची शुगर वाढंल."

मग मला हसू आलं. त्यालाही आलं. आम्ही दोघं दहाव्याच्या अंगणात, लोकांदेखत, तोंडावर हात धरून हसत होतो आणि शीला दारातून आमच्याकडं काळजीनं बघत होती. तू आम्हा दोघांना एकमेकांपासून लपवायला लावलंस, शपथा घातल्यास आणि मधल्या मध्ये स्वतःच्या मर्जीनं रोज तळ्याला फेरा घातलास. अपरिमित नुकसान म्हणतात ते हे. हसता हसता मी कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. ज्ञानोबानं उठून पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला.

आज पहिल्या एसटीनं आले होते. पूर्ण फेरा घातला, एकटीनं. चढावर चार वेळा बसले. परतीच्या गाडीत लिहायला सुरुवात केलेलं हे आता घरी येऊन पुरं करतेय. तुझ्या गोळ्यांबद्दल, शपथेबद्दल आणि त्या पहिल्या अर्जाबद्दल मला तुझ्याशी अजून खूप भांडायचं आहे, पण ते राहू दे.

मी फिरणं सोडलेलं नाही, कौसा. एवढंच तुला कळवायचं होतं.